टँकर थांबला की धूळ उठते: टेलिंग पॉन्डच्या धुळीबाबत खुले पत्र

प्रति,
खाण व भूगर्भ संचालनालय, गोवा सरकार,
गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ,
भारतीय खाण ब्यूरो, नागपूर
आणि लिलावात खाणपट्टे घेतलेल्या सर्व कंपन्या

महोदय, महोदया,

लोहखनिज धुतल्यावर जो बारीक लाल गाळ (टेलिंग) उरतो, तो बांध घालून किंवा खोदून संपलेल्या खड्ड्यात साठवायचा, ही गोव्याच्या खाणपट्ट्यातली जुनी रीत आहे. पावसाळ्यात या टेलिंग पॉन्डवर पाणी असते आणि सगळ्यांची नजर बांधावर असते. नोव्हेंबर लागला की पाणी ओसरते आणि गाळ कडेपासून सुकत जातो. मार्चपासून दुपारचे वारे सुटले की तोच गाळ उडायला लागतो. या धुळीचे काय करणार, हा प्रश्न खाण आराखड्यात आणि पर्यावरण अहवालात विचारलेला असतो. त्याचे उत्तरही सर्रास ठरलेले असते: टँकरने पाणी मारू आणि हरित पट्टा उभारू. पॉन्ड दोन हेक्टरचा असो की वीस हेक्टरचा, चालू असो की भरून बंद झालेला, गाळ वाळूसारखा असो की शाडूसारखा, उत्तर बदलत नाही.

२०२२ अखेरीस सुरू झालेल्या लिलावांनंतर नव्या खाणपट्ट्यांचे आराखडे तयार होत आहेत. जुना साठा उकरून विकण्याच्या योजनाही पुढे येत आहेत. हीच वेळ आहे म्हणून हे पत्र लिहीत आहोत. आम्ही डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांत राहतो. आमच्यापैकी कुणी खाणीत बांधांचे आणि पंपांचे काम केले आहे, कुणी डंपांवर, म्हणजे खाणमातीच्या ढिगांवर, लागवड केली आहे, बाकीच्यांची कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आणि काजूच्या बागा आहेत. काजूचा मोहर डिसेंबर ते मार्च या काळात येतो आणि धुळीचा हंगामही त्याच काळात चढत जातो.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. गावात दिसणाऱ्या लाल धुळीचा मोठा वाटा ट्रकच्या रस्त्यांचा असतो. म्हणूनच टेलिंगच्या धुळीकडे दुर्लक्ष होते. पण रस्त्याची धूळ ट्रक थांबले की थांबते आणि टेलिंगची थांबत नाही. शिवाय टेलिंग दळून, धुऊन, चाळून बारीक झालेले असते. त्याचा बराचसा भाग ४५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतो आणि त्यात क्वार्ट्झही असते. यातले सर्वांत बारीक कण श्वासाबरोबर छातीत खोल जातात.

आता मूळ कारणाकडे येतो, कारण उपाय निवडताना चूक इथेच होते.

सर्वांत बारीक कण वाऱ्याने आपणहून सहसा उठत नाहीत. ते एकमेकांना घट्ट धरून असतात. वारा आधी ७० ते ५०० मायक्रॉनच्या कणांना, म्हणजे बारीक वाळूला हलवतो. ही वाळू टुणटुण उड्या मारत पुढे सरकते आणि प्रत्येक उडीत खालच्या कवचावर आपटते. त्या आघाताने बारीक कण सुटतात आणि तेच हवेत जाऊन मैल-दोन मैल तरंगतात. सुकी, मोकळी टेलिंग साधारण ताशी २० ते ३० किलोमीटरच्या वाऱ्याला हलू लागते. त्यापुढे वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या वेगाच्या जवळपास घनाने वाढते. म्हणजे वारा दीडपट झाला तर धूळ तिपटीहून अधिक होते.

पॉन्डमध्ये ही वाळू कुठे असते? गाळ पाइपातून पडतो तिथे. जड, भरड कण पाइपाच्या तोंडाशीच बसतात आणि बारीक चिकट गाळ पाण्याबरोबर लांब वाहत जातो. त्यामुळे पाइपाजवळच्या उतारावर, ज्याला आम्ही बीच म्हणतो, वाळू उघडी पडते आणि टोकाला चिकणमातीसारखा थर बसतो. तो थर सुकला की भेगाळतो, पण त्याचे कवच चांगले कडक असते. कुणी तुडवले नाही तर ते महिनोन्महिने टिकते. एकाच पॉन्डच्या दोन टोकांना दोन वेगळे रोग आहेत आणि आपण दोघांनाही एकच औषध देतो.

आमच्या तक्रारी अशा आहेत.

पहिली तक्रार टँकरची, आणि ती सविस्तर मांडतो, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, म्हणजेच एक मोठा टँकर. एक मिलिमीटर पाण्याने वरचा जेमतेम तीन ते पाच मिलिमीटरचा थर ओला होतो. एप्रिलच्या दुपारी दिवसाला सहा-सात मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर ते पाणी दीड-दोन तासांत उडते. बारा हेक्टरचा पॉन्ड दुपारी बारा ते सहा ओला ठेवायचा म्हणजे तीन ते चार फेऱ्या, म्हणजे ३६ ते ४८ टँकर. भरणे, नेणे आणि रिकामा करणे यात एका टँकरचे ३० ते ४० मिनिटे जातात. म्हणजे चार-पाच टँकर सहा तास न थांबता फिरायला हवेत, तेही रोज, मार्च ते मे. एवढे टँकर एका पॉन्डसाठी लावलेले आम्ही कोणत्याही आराखड्यात वाचलेले नाहीत.

आणि टँकर फिरणार कुठे? मऊ गाळावर तो रुततो, म्हणून तो बांधावरून फवारतो. फवारा जातो वीस-पंचवीस मीटर. मधला भाग कोरडाच राहतो. हिंमत करून एखादा चालक कडक दिसणाऱ्या भागात उतरला, तर चाकांखाली जे कवच फुटते तीच संध्याकाळची धूळ असते. पाणी मारायला गेलेल्या वाहनाने धूळ वाढते, ती अशी.

दुसरी तक्रार अशी की उपाय खाण चालू राहील असे गृहीत धरून निवडला जातो. गोव्यात हे गृहीत दोनदा मोडले आहे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी थांबल्या. नंतर ७ फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १५ मार्च २०१८ नंतर उत्खनन बंद झाले. तारीख पाहा. पाऊस तीन महिने लांब आणि वाऱ्याचे दिवस नुकते सुरू झालेले. खाण बंद झाली की डिझेल, पंप, मजूर, टँकरचे कंत्राट सगळे थांबते. रोज माणूस लागणारा उपाय त्याच दिवशी संपतो. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, पण त्यांच्या गाळाचे १३ ढिगारे तसेच उभे राहिले आणि वाऱ्याच्या दिवसांत त्यांची धूळ आसपासच्या वस्तीला सोसावी लागली. आमच्याकडचा पाऊस कोलारहून कितीतरी जास्त आहे, पण तो आठ महिने नसतो.

तिसरी, मोजणीची. राष्ट्रीय मानकांप्रमाणे पीएम १० ची (हवेतल्या १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. समजा वीस तास हवा ४० वर आहे आणि दुपारचे चार तास ३९० वर. सरासरी ९८ येते आणि अहवालात मर्यादेच्या आत असे लिहिले जाते. ज्या चार तासांत शाळा सुटते, वाळवण बाहेर असते, माणसे शेतातून परततात, ते तास सरासरीत बुडतात. मोजणी आठवड्यातून दोन दिवसांची असेल, तर वाऱ्याचा दिवस तिच्यात येईलच असेही नाही. शिवाय पानांवर, छपरांवर, विहिरींवर जी धूळ बसते तिला आपल्या वातावरणीय मानकांत मर्यादाच नाही. दक्षिण आफ्रिकेत २०१३ च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसाला प्रति चौरस मीटर ६०० मिलिग्रॅम ही सीमा ठरवली आहे आणि ती महिन्याच्या सरासरीवर मोजली जाते. त्यासाठी लागते एक तोंड उघडे भांडे, एक खांब आणि तराजू.

चौथी, हरित पट्ट्याच्या नावाखाली होणाऱ्या लागवडीची. गोव्यातल्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया भरमसाट लावला गेला. तो लवकर वाढतो, यात वाद नाही. पण धूळ जमिनीलगत उठते आणि झाडाचा शेंडा वर असतो. त्याच्याखाली गवत फारसे टिकत नाही. पाचोळा साचतो तोवर ठीक, पण वणव्यात तो जळाला की माती पुन्हा उघडी. पॉन्डच्या बांधावर तर कोणतेच मोठे झाड नको. मूळ कुजले की त्या पोकळीतून पाणी वाट काढते आणि बांध आतून पोखरला जातो.

पाचवी तक्रार छोटी आहे: धुळीचा उपाय ठरवणारा आणि बांधाची सुरक्षितता पाहणारा माणूस एकमेकांशी बोलत नाहीत. जास्त पाणी मारले तर बांधातली पाण्याची पातळी चढते. ब्राझीलमध्ये २०१५ ला मारियाना आणि २५ जानेवारी २०१९ ला ब्रुमादिन्हो इथे फुटलेले दोन्ही बांध लोहखनिजाच्या टेलिंगचे होते. ब्रुमादिन्होत २७० माणसे गेली. ती धुळीच्या पाण्याने गेली नाहीत, पण बांधाजवळ पाणी वाढवणारा कोणताही उपाय बांधाच्या अभियंत्याच्या सहीशिवाय होऊ नये, एवढे त्यातून कळायला हवे होते.

मग निवड कशी करावी? आमच्या मते प्रत्येक पॉन्डचा नकाशा काढून त्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला पाच प्रश्न विचारावेत. हा पृष्ठभाग किती दिवस उघडा राहणार आहे? त्यावर माणूस किंवा यंत्र उभे राहू शकते का? दुपारचा वारा कुठून येतो आणि त्या रेषेत कोण राहते? मारलेले पाणी किंवा रसायन जाते कुठे? आणि उद्या खाण थांबली तर हा उपाय किती दिवस टिकेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एक आठवडा असेल, तर तो उपाय एकटा पुरेसा धरू नये.

चालू बीचपासून सुरुवात करू, कारण तिथे सर्वांत स्वस्त उपाय हाताशी आहे आणि तोच वापरला जात नाही. गाळ एकाच तोंडातून सोडायचा नाही. बांधावर मुख्य पाइप फिरवून दर १५ ते २० मीटरवर व्हॉल्व्हसह एक तोंड काढायचे आणि बीचचे आठ-दहा भाग पाडायचे. एका भागावर १० ते १५ सेंटिमीटर ओला थर बसला की पुढच्या भागावर जायचे. एप्रिलमध्ये चार-पाच दिवसांत पहिल्या भागाकडे परत यायचे, वरचा थर पांढुरका पडून सुटा होण्याआधी. खर्च पाइपांचा, व्हॉल्व्हचा आणि पाळीत एका माणसाचा. बिघडते ते इथे: व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहिले की पाइपात गाळ बसून तो तुंबतो, म्हणून तोंडे पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद असावीत आणि बंद केल्यावर पाइप स्वच्छ पाण्याने धुवावा. दुसरे म्हणजे धुण्याचा प्लांट चार-पाच दिवस बंद पडला की हा उपायही बंद पडतो. त्या दिवसांसाठी तुषार सिंचन तयार हवे.

तुषार सिंचन म्हणजे बागेचे बारीक तुषार नव्हेत. त्यांची दोन-तीन मिलिमीटरची छिद्रे पॉन्डच्या गढूळ पाण्याने आठवड्यात बुजतात. इथे रेनगन, म्हणजे मोठ्या तोंडाची, लांब फवारणारी तोटी हवी. ३० मीटर त्रिज्येची, तासाला सुमारे १५ घनमीटर पाणी टाकणारी गन वाऱ्याचा विचार करून ३५ मीटर अंतरावर बसवली, तर हेक्टरी आठ लागतात. बारा हेक्टरला शंभराच्या आसपास. आठ-आठच्या गटाने चालवल्या तर तासाला १२० घनमीटरचा एक पंप पुरतो. ५० मीटर हेड (पाणी तेवढे उंच चढवण्याइतका दाब) धरले तर ३५ ते ४० अश्वशक्ती. प्रत्येक गट पाच मिनिटे चालवला की सुमारे एक मिलिमीटर पाणी पडते आणि तासाभरात पूर्ण पॉन्ड एकदा भिजतो. एका वेळी जास्त मारून उपयोग नाही. पाणी मुरायच्या आत वाहू लागते, ओघळी पडतात आणि ओघळीच्या कडा आधी सुकतात.

वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा, वायव्येचा खारा वारा अकरा-बाराच्या सुमाराला सुरू होतो आणि तीन-चारला जोरात असतो. पहिली फेरी अकराच्या आत व्हायला हवी. वारा चढल्यावर फवारा उडून जातो आणि वाऱ्याकडची बाजू कोरडी राहते. पहाटे मारलेले पाणी दुपारपर्यंत उरत नाही. आणि बांधाच्या माथ्यापासून किती अंतर कोरडे सोडायचे, ते बांधाचा अभियंता ठरवेल.

आता जो भाग एक पूर्ण हंगाम पडून राहणार आहे, म्हणजे नोव्हेंबर ते मे तिथे गाळ सोडायचा नाही, त्याला रोज पाणी देत बसणे चूक आहे. तिथे कवच बनवावे. ॲक्रिलिक किंवा व्हिनाइल ॲसिटेटच्या पाण्यात मिसळणाऱ्या पॉलिमरचे एकास दहा-बारा असे द्रावण, प्रति चौरस मीटर दोन लिटर. हेक्टरी २०,००० लिटर द्रावण झाले आणि त्यात मूळ पॉलिमर १,५०० ते १,८०० लिटर. पृष्ठभाग आधी हलका ओला करावा, नाहीतर द्रावण वर थेंब धरून बसते आणि आत उतरत नाही. दोन हात मारावेत, दुसरा पहिल्याला आडवा. पुढचे २४ ते ४८ तास कोरडे हवेत. फवारणी वाऱ्याकडच्या कडेपासून सुरू करावी आणि कडेबाहेर किमान पाच मीटर न्यावी. हे सर्वांत जास्त चुकते. वाऱ्याकडे एक अरुंद पट्टा उघडा राहिला, तर तिथली वाळू उडत येऊन पुढचे चांगले कवच घासून काढते आणि मग पॉलिमर चालत नाही असा निष्कर्ष निघतो. दुसरा शत्रू जनावरे आणि पाऊलवाट. कवच दहा मिलिमीटरचे असते. एक गुरे हाकलत नेणारा रस्ता पुरेसा आहे. म्हणून कुंपण हा फवारणीच्या खर्चाचाच भाग धरावा.

हे कवच आमच्या तीन हजार मिलिमीटर पावसात उरेल, अशी आशा कुणी धरू नये. ते एका हंगामाचे आहे. त्यासाठी विकत घ्यायच्या मालाची माशांवरची विषबाधा चाचणी आणि झिरपलेल्या पाण्याची तपासणी आधी मागावी.

मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड मात्र आम्हाला नको. हवेतला ओलावा ओढून ते माती दमट ठेवतात, आणि दमट गोव्यात ते छान चालेलही, जूनपर्यंत. पहिल्या पावसात सगळे मीठ विरघळून ओहोळात, विहिरीत आणि वायंगणाच्या (रब्बी भाताच्या) शेतात जाईल. कागद कारखान्यातून येणारे लिग्नोसल्फोनेटही पाण्यात विरघळते आणि ओहोळातला प्राणवायू खाते. कोरड्या प्रदेशातल्या खाणींना जे चालते, ते इथे चालत नाही.

वारा अडवणाऱ्या जाळ्या कमी खर्चाच्या आहेत, पण हिशेब करून लावाव्यात. निम्मी छिद्रे असलेली दोन मीटर उंच जाळी तिच्यामागे साधारण १५ ते २० मीटर पट्टा राखते. तीनशे मीटरच्या बीचवर म्हणजे पंधराएक ओळी. भरीव पत्रा लावला तर वारा त्याच्यावरून उडी मारून मागे भोवरे करतो आणि धूळ वाढते. जाळीच्या पायाशी वाळू साचते, ती न काढता जाळी वर सरकवत न्यावी. बांबूचे खांब मऊ गाळात कलतात, तेव्हा त्यांना खाली फळीचा आधार द्यावा. जोहान्सबर्गच्या आसपासच्या सोन्याच्या गाळढिगांवर अशा जाळ्यांच्या ओळी आणि वाऱ्याला आडवी नांगरट दोन्ही वापरतात. नांगरट आपल्याकडे फक्त चिकट, ओलसर भागात करावी, जिथे ढेकूळ उठते. वाळूत नांगर घातला तर ताजी कोरडी वाळू वर येते, बाकी काही होत नाही.

बांधाचे बाहेरचे उतार आणि भरून झालेले पॉन्ड ही कायमच्या उपायांची जागा आहे. उतारावर काथ्याचे जाळे आणि वाळा, याला आमच्या पावसात पर्याय नाही. ७०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचे जाळे घ्यावे, वरच्या कडेला ३० सेंटिमीटर खोल चरात पुरावे, खाली सैल न सोडता जमिनीला टेकवून मीटरभर अंतरावर खुंट्या माराव्यात, सांध्यांवर १५ सेंटिमीटर आच्छादन द्यावे. जाळे ताणून हवेत राहिले तर पाणी खालून वाहते आणि जाळ्याखाली ओघळ पडते; वरून सगळे हिरवे दिसत असताना उतार खचतो. वाळ्याची रोपे समपातळीच्या ओळीत १५ सेंटिमीटरवर लावावीत. ओळींत उभे अंतर एक ते दोन मीटर. मधल्या जागेत मारवेल, हरळी, स्टायलो, धैंचा किंवा ताग. बी मेच्या अखेरीस जाळ्याखाली टाकावे. उघड्या उतारावर जूनमध्ये फेकलेले बी जुलैत खालच्या गटारात सापडते. टेलिंगमध्ये सेंद्रिय कर्ब आणि नत्र जवळपास नसते, म्हणून हेक्टरी १० ते २० टन कंपोस्ट हवे. ते न घालता लावलेले गवत पहिल्या वर्षी उगवते आणि दुसऱ्या वर्षी पिवळे पडून संपते. फेब्रुवारीत गवत वाळले तरी चालते, त्याचे खुंट वारा अडवतात. ते जळू नयेत म्हणून दहा मीटरच्या जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) डिसेंबरात काढाव्यात.

भरलेल्या पॉन्डच्या सपाट भागावर जांभ्याचा मुरूम हे सर्वांत पक्के आच्छादन. केवळ धुळीसाठी १५ सेंटिमीटर पुरते, त्यावर झाडोरा वाढवायचा असेल तर ३० ते ५०. पण किंमत समजून घ्या. बारा हेक्टरला १५ सेंटिमीटर म्हणजे १८,००० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या टिपरच्या १,८०० खेपा. त्यांची धूळ वेगळी. मुरूम खाणपट्ट्यातच निघत असेल तरच हे शहाणपणाचे आहे. आणि गाळ भार घेतो का हे आधी तपासा. रुंद पट्ट्यांच्या हलक्या डोझरसाठीसुद्धा गाळाची कातर-क्षमता (न सरकता भार सोसण्याची ताकद) निदान १२ किलोपास्कल हवी. त्याहून मऊ गाळावर मुरूम ढकलला तर तो खाली बसतो आणि गाळ पुढे लाटेसारखा फुगून वर येतो. अशा ठिकाणी आधी जिओग्रिड (मातीला आधार देणारी मजबूत जाळी) अंथरावे, किंवा एक-दोन वर्षे कवच आणि गवतावर भागवावे. हाताशी असलेले भाताचे पिंजर (पेंढा) हेक्टरी चार-पाच टन पसरून तबकडीच्या कुळवाने मातीत खुपसले तरी तेवढा काळ निभावतो. नुसते पसरले तर ते उडते, आणि उरलेले खायला गुरे येऊन कवच तुडवतात.

दोन इशारे नव्या प्रकल्पांसाठी. गाळातले पाणी दाबून काढणारे फिल्टर प्रेस लावून उरलेला सुका केक रचला की बांधाचा धोका बराच कमी होतो आणि म्हणून आम्ही त्याच्या बाजूने आहोत. पण धुळीचा प्रश्न त्याने मिटत नाही, उलट वाढतो, कारण तिथे पाण्याखालचा भागच नसतो. केक पडल्या दिवशी रोलरने दाबावा, उघडा भाग एक हेक्टरच्या आत ठेवावा, बाकी लगेच झाकावा. दुसरा इशारा जुना साठा उकरणाऱ्यांना: वीस वर्षांत तयार झालेले कवच आणि गवत एका झटक्यात खरवडून काढू नका. आठवड्यात जेवढा माल हलेल तेवढाच पट्टा उघडा. पावसाळ्यापूर्वी उघडा राहिलेला पट्टा झाकल्याशिवाय पुढचा परवाना देऊ नये.

आमच्या मागण्या:

१. कोणत्याही खाण आराखड्यात टेलिंगच्या धुळीसाठी फक्त पाणी आणि हरित पट्टा असे लिहिले असेल, तर तो आराखडा परत पाठवावा. प्रत्येक पॉन्डचा तुकड्यांचा नकाशा, कणांच्या आकाराचा आलेख, क्वार्ट्झचे प्रमाण आणि पाण्याचा दिवसाचा हिशेब त्यात असावा.

२. उपाय निवडण्यापूर्वी त्याच पॉन्डवर १० बाय १० मीटरच्या चाचणी-चौकटी नोव्हेंबर ते मे ठेवाव्यात. त्यातली एक काहीही न करता सोडलेली असावी, नाहीतर तुलना कशाशी करणार? निकाल पंचायतीला द्यावेत.

३. प्रत्येक पॉन्डच्या वाऱ्याकडच्या आणि वाऱ्यापलीकडच्या बाजूला पीएम १० ची सतत नोंद आणि १० मीटर उंचीवर वारामापक असावा. आकडे तासाच्या सरासरीने त्याच दिवशी लोकांसमोर यावेत. चार दिशांना धूळ जमवण्याची भांडी ठेवावीत आणि महिन्याला त्यांचे वजन जाहीर करावे. जमलेल्या धुळीची खनिज तपासणी झाली तर रस्त्याची कोणती आणि पॉन्डची कोणती, हा वादही मिटेल.

४. पानांवर, छपरांवर बसणाऱ्या धुळीसाठी राज्याने स्वतःची मर्यादा ठरवावी. राष्ट्रीय मानक येईपर्यंत थांबू नये.

५. खाण कोणत्याही कारणाने थांबली तर पुढच्या ३० दिवसांत सर्व उघडे टेलिंग कवचाखाली किंवा आच्छादनाखाली आणण्याची योजना आणि तिचा पैसा आधीच बाजूला ठेवलेला असावा. खाण बंद करण्याच्या आराखड्यातील आर्थिक हमीत ही रक्कम वेगळी दाखवावी, म्हणजे न्यायालयाचा निकाल फेब्रुवारीत आला तरी मार्चमध्ये काम करणारे कुणी असेल.

६. ज्या जुन्या पॉन्डना आज मालक उरलेला नाही, त्यांची यादी तालुकावार प्रसिद्ध करावी आणि त्यांच्या झाकणीचा खर्च जिल्हा खनिज निधीतून करावा.

७. धुळीचा प्रत्येक उपाय बांधाच्या अभियंत्याने सही करून मंजूर केलेला असावा. बांधावरची मोठी झाडे त्याच्या देखरेखीखाली, मुळांची पोकळी भरत, टप्प्याने काढावीत.

यातल्या दुसऱ्या आणि सहाव्या मागणीची तयारी या पावसाळ्यातच सुरू होऊ शकते. वाळ्याच्या रोपांची मागणी मेमध्ये नोंदवली नाही, तर जूनमध्ये रोपे मिळत नाहीत. चाचणी-चौकटी आखायला नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही शेवटची योग्य वेळ आहे, कारण त्यानंतर आखलेल्या चौकटीला कोरड्या हंगामाची सुरुवात मिळत नाही. आमच्यातले ज्यांना हे काम येते, ते आखणीला आणि मोजणीला विनामोबदला यायला तयार आहेत. लेखी उत्तर ३१ ऑक्टोबरपूर्वी मिळावे, ही विनंती.

आपले,
डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांतील खाण-कामाचे जाणकार, बागायतदार आणि शेतकरी